सुलेमानच्या सोन्यापायी

१

मंगळवारी सकाळी बद्रीनाथ देवर्षी धापा टाकत मंगलच्या दारात आला आणि उंबऱ्यावरच बसला. सत्तरीचा माणूस. अंगात वारं आलं की चार जणांना आवरत नसे. टेकडीकडं हात करून तो म्हणाला, "घोडपागेत रामहरी गुरुजी पडल्यात. उठंनात."

मंगल चिंचखोरीची पोलीस पाटील. दिवाळी झाली तसं अर्धं गाव ऊसतोडीला कर्नाटकात गेलं होतं. तिचा नवराही टोळीत होता. पाटीलकी गळ्यात म्हणून ती मागं राहिली. आता गावात पन्नास-साठ म्हातारी माणसं, थोडी जनावरं, आणि गल्लीगल्लीत दाराला कुलूप. दिवसाढवळ्या रस्त्यानं चाललं तर आपल्याच चपलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटे.

घोडपागा म्हणजे टेकडीवरची जुनी पडकी पागा. दगडी खांबांच्या दोन रांगा तेवढ्या उभ्या होत्या. खांबांच्या मधोमध कमरेइतका खोल खड्डा खणलेला होता आणि त्यात गुरुजी पालथे पडले होते. डोक्याची मागची बाजू फुटलेली. रक्त वाळून काळं झालं होतं, म्हणजे कालचं. खड्ड्याच्या काठावर हळद-कुंकू, नारळ, कापलेली लिंबं आणि मान मुरगळलेली काळी कोंबडी. सगळ्यावर मुंग्या.

चष्मा गुरुजींच्या खिशात होता. काखेत सदा असायची ती निळ्या पुठ्ठ्याची वही मात्र कुठंच नव्हती.

"गुप्तधन," मागून कुणीतरी हळूच म्हणालं आणि जमलेली माणसं दोन पावलं मागं सरली.

पुढं झाला तो आसाराम. गावाचं दूध गोळा करून नांदूरघाटला पाठवणारा. कुणाला दवाखान्यात न्यायचंय, कुणाचा अर्ज लिहायचाय, आसाराम हजर. त्यानं खाली उतरून गुरुजींना उचललं, बाजेवर घातलं, पुढचा खांदा स्वतः दिला. टेकडी उतरेपर्यंत त्याच्या डोळ्यांचं पाणी खळलं नाही.

दुपारी ठाण्याची गाडी आली. प्रेत सापडलं बद्रीनाथला, लिंबू-कोंबडीचा धंदाही बद्रीनाथचा. साहेबांनी फार विचार केला नाही. गाडीत चढताना म्हाताऱ्यानं मंगलचा हात घट्ट धरला.

"पोरी, ती पूजा माझी न्हाई. लिंबं उभी चिरल्यात. आमी आडवी चिरतो. हे कुणीतरी ऐकून-वाचून केलेलं काम हाय."

"मग कुणाचं?"

"ते मला ठावं न्हाई. पर एक सांगतो. त्याचा पहिला खड्डा मोकळा गेलाय. आता त्याला पायाळू माणूस लागंल."

गाडी धूळ उडवत गेली. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेलं माणूस. त्याला जमिनीतलं धन दिसतं असा समज. आणि चिंचखोरीत पायाळू एकच होतं.

२

साखराबाई शेळ्या घेऊन नुकतीच परतली होती. पासष्टीची, काटक, एकटी राहणारी. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो तिच्या दारात पालथा पडायचा आणि ती पायाळू पाय पाठीवर ठेवायची. तेवढ्यासाठी नेकनूरहून लोक यायचे.

"मावशी, चार दिवस कुणाबराबर कुठं जाऊ नका," मंगल म्हणाली.

"कावून?"

मंगलनं सांगितलं. साखराबाई हसली, पण तिनं हातातली काठी खाली ठेवली नाही. "अगं, मला धन दिसत असतं तर मी शेळ्यामागं कशाला फिरले असते?"

"तुमाला दिसत न्हाई ते मला ठावं हाय. त्याला ठावं न्हाई ना."

त्या संध्याकाळी मंगल गुरुजींच्या घरात गेली. एकट्या माणसाची नीटस खोली. भिंतीवर मोठा कागद चिकटवलेला, आणि त्यावर गुरुजींच्या सुंदर अक्षरात वरती लिहिलेलं, 'शलमोन राजाची संपत्ती कुठून आली?'

गुरुजींचं हे वेड साऱ्या गावाला माहीत होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलांसाठी पुस्तक लिहायला घेतलं होतं. तीन हजार वर्षांपूर्वी इस्राएल नावाच्या मुलखात शलमोन राजा होऊन गेला. गावातली माणसं त्याला सुलेमान म्हणत. त्याच्याकडं एवढं सोनं की चांदीला कुणी विचारत नसे, असं जुन्या ग्रंथात लिहिलेलं. ते आलं कुठून? गुरुजी पारावर बसून समजावत. व्यापाऱ्यांच्या तांड्यांवर जकात होती. मांडलिक राजांचे नजराणे होते. मिसर देशातून घोडे आणून तो पुढं विकायचा. आणि ओफीर नावाच्या दूरच्या बंदरातून त्याची जहाजं सोनं आणायची.

"ओफीर कुठं हाय, गुरुजी?"

"कुणालाच नक्की माहीत नाही. कुणी म्हणतं अरबस्तानात, कुणी म्हणतं आफ्रिकेत. काही जाणकार तर आपल्या कोकणकिनाऱ्याचंही नाव घेतात. पुरावा कुणाकडंच नाही."

पोरांना कळावं म्हणून गुरुजी सगळं गावावर घालून सांगत. राजाच्या पागा कशा होत्या? आपल्या घोडपागेसारख्या समजा. तांडे कुठून जायचे? आपल्या घाटासारख्या वाटेनं. ऐकणाऱ्यांनी यातला 'सारखा' गाळला. सुलेमानचं सोनं कोकणातून घाट चढून इथं आलं आणि इथंच पुरलं, अशी कुजबुज दोन महिन्यांत पंचक्रोशीत पोचली. गुरुजी आधी हसले, मग चिडले, मग त्यांनी पारावर बोलणंच सोडलं आणि वही काखेत धरून फिरू लागले. त्यामुळं तर लोकांची खात्रीच पटली.

मंगल कागद वाचत उभी होती. सगळ्यात खाली शेवटच्या प्रकरणाचं नाव होतं, 'हे सोनं पुढे कुठे गेलं?' बाहेर कुणीतरी थांबल्याची चाहूल लागली. ती दाराशी आली तर गल्ली रिकामी. समोरच्या घराचं कुलूप मात्र हळूहळू झुलत होतं.

तिनं कडी लावली आणि घराकडं जवळजवळ पळतच गेली.

३

बुधवारी दिवस उजाडताच तिनं गुरुजींच्या पुतण्याला गाठलं. सोमेश्वर नांदूरघाटला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. चुलत्या-पुतण्याचं पटत नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक. कालपासून तो गुरुजींच्या ओसरीवर गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

"परवा दिवसभर कुठं होतास?"

"दुकानात. विचार जाऊन." त्यानं वर पाहिलं. डोळे सुजलेले. "ताई, मी काकाला लई बोललो गं. ग्रंथात लिवलंय म्हणं, ओफीरहून चारशेवीस खंडी सोनं आलं. मी त्याला भर बाजारात म्हणलो, तुझा राजाच चारशेवीस, आन् तू बी. सगळे हसले. त्या दिवसापासून बोलला न्हाई माझ्याशी."

ही थट्टा मंगलनंही ऐकली होती. चारशेवीस या आकड्यानं गुरुजींना जेरीस आणलं होतं. पोरं त्यांना बघून बोटांनी खूण करायची.

"वही कुठं असंल?"

"जीव गेला तरी वही सोडणारा माणूस न्हाई तो." आपण काय बोललो हे कळून त्यानं पुन्हा मान खाली घातली.

तिथून मंगल दूध केंद्रावर गेली. आसाराम चाळीस लिटरचे कॅन एकटाच उचलून टेंपोत चढवत होता. तिला बघून त्यानं हात पुसले, बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला.

"बद्रीनाथनं कबूल केलं का?"

"न्हाई."

"करंल. तसा वाईट न्हाई म्हातारा, पर सोनं लई वंगाळ." आसारामनं उसासा टाकला. "मी गुरुजीला किती येळा सांगितलं, ही बोलणी पारावर करू नका. गोरगरीब माणसं हायती, डोकं फिरतं त्यांचं. साडेचारशे खंडी सोनं म्हणल्यावर कुणाचं बी फिरंल. त्याच्यापायी देवमाणूस गेला बघ."

"परवा तुमी कुठं होता, दादा?"

"हितंच. सकाळचं दूध, मग शेतात. एकटाच होतो, साक्षीला बैल." तो किंचित हसला. "विचारलंस ते बरं केलंस. सगळ्यांनाच विचार."

चहा चांगला होता. मंगल निघाली तेव्हा तिला जरा हलकं वाटत होतं. गावात एक तरी शहाणं माणूस शिल्लक आहे, असं तिच्या मनात आलं.

४

अकराच्या सुमाराला साखराबाईच्या शेळ्या एकट्याच घरी आल्या.

मंगल वेशीत उभी होती. समोरून सोळा शेळ्या ओळीनं आल्या, तिच्या दोन्ही अंगांनी पुढं गेल्या आणि साखराबाईच्या बंद दारासमोर ओरडत उभ्या राहिल्या. मागं माणूस नव्हतं.

शेजारच्या वत्सलाबाई दारात वाती वळत बसल्या होत्या. त्यांना दिसायचं कमी, ऐकू थोडं यायचं.

"आत्याबाई, साखरामावशी कुठंय?"

"गेली की मघाच. शेळ्या सोडून निघाली व्हती, तेवढ्यात कुणीतरी बोलवाय आलं. मला उसण भरलीय म्हणला. हलता येत न्हाई म्हणला, आन् गाडीवर घिऊन गेला."

"कोण?"

"ते न्हाई दिसलं, बाई. गडीमाणूस व्हता."

मंगलनं कपाळावर हात मारून घेतला. कुणाबरोबर जाऊ नका, असं तिनं सांगितलं होतं. पण दारात आलेल्या दुखणेकऱ्याला साखराबाईनं जन्मात नाही म्हटलं नव्हतं. आणि ज्याला हलता येत नाही, तो मोटारसायकल चालवत आलाच कसा?

तिनं ठाण्यात फोन लावला. गाडी दुसऱ्या बंदोबस्ताला गेली होती, यायला दीड तास लागेल म्हणाले. बद्रीनाथ कोठडीत होता. तेव्हा त्याचं हे काम नव्हतं, एवढं तरी नक्की. पण दुसरा कोण? आणि मावशीला नेलं कुठं? चहूबाजूंनी टेकड्या, दऱ्या, आणि बघायला गावात माणूस नाही. बद्रीनाथनंच तिला एकदा सांगितलं होतं की असल्या पूजेला रात्रच लागते असं नाही. भर दुपारी, सावली पायाखाली येते ती वेळही धरतात.

बारा वाजायला पाऊण तास उरला होता.

तेवढ्यात सोमेश्वर धावत आला. हातात गुरुजींचा जुना मोबाईल. "ताई, काका फोन घरीच विसरला व्हता. सोमवारी सकाळी सातला जालन्याच्या याकोब मास्तरशी बोललाय. अर्धा तास. त्याच्यानंतर कुणाशीच न्हाई."

याकोब मास्तर गुरुजींचे नोकरीतले जुने सोबती. मराठी बायबल त्यांनीच गुरुजींना दिलं होतं. मंगलनं तिथल्या तिथं फोन लावला. गुरुजी गेल्याचं ऐकून म्हातारा हुंदके देऊ लागला.

"मास्तर, रडायला मागनं येळ हाय. सोमवारी काय बोलणं झालं?"

"फार खूश होता तो. त्या आकड्यामुळे त्याची थट्टा होते म्हणाला. मी म्हटलं, अरे, ग्रंथात एका ठिकाणी चारशेवीस आहे, पण हीच हकीकत दुसऱ्या ठिकाणी आली आहे, तिथं साडेचारशे आहे. त्याला हे ठाऊकच नव्हतं. लहान मुलासारखा हसला. म्हणाला, आता बघतो कोण मला चारशेवीस म्हणतं ते. आत्ताच वहीत लिहितो, म्हणाला, अजून कुणाला सांगत नाही, छापूनच दाखवतो."

"आणखी काही?"

"मोरांचं विचारलं. राजाच्या जहाजांतून सोन्याबरोबर माकडं आणि मोर यायचे असं लिहिलंय. म्हणाला, मोर तर आमच्या मोरदऱ्यात ढिगानं, तेच उदाहरण घालतो. आणि पागांचं चित्र काढायला टेकडीवर चाललो, असं म्हणाला."

मंगलनं फोन ठेवला.

"सोम्या, गाडी काढ. मोरदऱ्यात जायचंय. वहीत आता तेच नाव असंल."

"काय झालं?"

"साऱ्या गावाला आकडा ठावं हाय, चारशेवीस. तू बी आज तेच म्हणलास. सोमवारी सकाळी गुरुजीनं वहीत साडेचारशे लिहिलं, कुणाला सांगितलं न्हाई, आन् वही घेऊन टेकडीवर गेले. तिथंच मेले. मग साडेचारशे कुणाला ठावं असंल?"

"ज्यानं वही वाचली त्याला."

"सकाळी मला आसारामदादानं चहा पाजला," मंगल म्हणाली. "आन् साडेचारशे खंडी म्हणला."

५

मोरदऱ्याच्या तोंडाशी आसारामची मोटारसायकल बोरीखाली उभी होती. ती दिसल्यावर दोघांनी गाडी अलीकडंच थांबवली. सोमेश्वर उजवीकडच्या चढानं वरून गेला. मंगल नाल्यातून सरळ चालत निघाली. ऊन डोक्यावर आलं होतं. एकही मोर ओरडत नव्हता. आपण मागं फिरावं, ठाण्याची गाडी येईपर्यंत थांबावं, असं तिच्या पायांना दर पावलाला वाटत होतं.

वळण ओलांडलं आणि ती थबकली.

नवा खड्डा. काठावर हळद-कुंकू. खड्ड्याच्या तोंडाशी साखराबाई बसलेली, कपाळभर मळवट, मांडीवर नारळ. तिच्या मागं आसाराम उभा. उजव्या हातात ऊस तोडायचा कोयता, डाव्या काखेत निळी वही.

"मंगल," तो शांतपणे म्हणाला, "पुढं येऊ नगंस. मावशीला काय व्हणार न्हाई. तिनं फकस्त जागा दाखवायचीय."

"आन् दिसली न्हाई तर?"

त्यानं कोयत्याची मूठ आवळली.

"दादा, गुरुजीनं तुमाला घोडपागेत खणताना बघितलं. व्हय ना?"

"मी पाया पडलो त्यांच्या. म्हणलो, निम्मं तुमचं. तर म्हणले, इथं काहीच न्हाई, घरी जा. वही छातीशी धरून म्हणले! काहीच न्हाई तर वही लपवायची कावून?" त्याचा आवाज फाटला. "हातात फावडं व्हतं. मला कळलं न्हाई कधी लागलं ते."

"मग वही वाचली तुमी."

"वाचली. साडेचारशे खंडी. आन् खाली मोरदऱ्याचं नाव. स्वतःच्या हातानं लिवलंय त्यांनी."

"त्याच्या पुढचं पान उलटलंत?"

आसाराम गोंधळला. त्यानं वहीकडं पाहिलं.

"रक्तानं चिकटलंय ते."

"काढा. वाचा. तुमी अर्धीच हकीकत वाचलीय."

कोयता हातातच ठेवून त्यानं अंगठ्यानं पान सोडवलं. उन्हात डोळे बारीक करून तो वाचू लागला. पहिल्या ओळी मनात, मग नकळत मोठ्यानं, शाळेत वाचतात तसा.

"'जकात, नजराणे, घोडे आणि समुद्र हे चार झरे मी लिहिले. पाचवा लिहिताना हात जड होतो. राजाने तीस हजार माणसं वेठीला धरली. दहा हजारांची एक पाळी. महिनाभर परमुलखात लाकूड तोडायचं, दोन महिने घरी. मागे त्यांच्या घरांची काय दशा होती, ते ग्रंथात लिहिलेलं नाही. आमच्या गावात राहणाऱ्याला ते लिहून सांगायलाही नको.'" तो थांबला. मंगल हलली नाही. "'मुलांनो, हे सगळं सोनं पुढे कुठे गेलं म्हणाल, तर शलमोन वारल्यावर पाचव्याच वर्षी मिसरचा राजा चाल करून आला आणि खजिना लुटून घेऊन गेला. ज्यांना ते सोनं आजही जमिनीत असेलसं वाटतं, त्यांनी...'"

पुढचं त्याला वाचवेना. तो मंगलकडं बघत राहिला.

"लुटून नेलं?" त्यानं विचारलं. "तवाच?"

"तवाच."

"मग मी गुरुजीला कावून मारलं?"

वरच्या कपारीतून सोमेश्वर खाली उतरला आणि त्यानं आसारामच्या हातातला कोयता काढून घेतला. आसारामनं प्रतिकार केला नाही. तो खड्ड्याच्या काठावर मटकन बसला, वही मांडीवर ठेवून, आणि त्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचू लागला.

६

ठाण्याची गाडी आली, आसारामला घेऊन गेली. वहीही गेली. पुरावा म्हणून ती कधी परत मिळेल ते कुणी सांगू शकलं नाही. बद्रीनाथला संध्याकाळपर्यंत सोडू म्हणाले. सोमेश्वर साहेबांबरोबर पुढं गेला आणि मंगल साखराबाईला धरून दऱ्यातून बाहेर निघाली.

मंगलनं पदर ओला करून तिच्या कपाळाचा मळवट पुसला. बोरीच्या झाडाखाली दोघी टेकल्या.

"मावशी, मारलं का त्यानं तुमाला? दरडावलं?"

"न्हाई गं."

"मग तुमी वराडल्या का न्हाईत? वाटेत दोन वस्त्या लागल्या असतील."

साखराबाईनं आपला उजवा हात पुढं धरला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा ती तो निरखत राहिली.

"गाडीवरनं उतरल्यापासनं हा हात त्यानं धरला व्हता," ती म्हणाली. "मला काटा लागू नये म्हणून. दमलात का मावशी, पाणी पिता का मावशी, असं म्हणत व्हता. दोनदा त्यानं मला सावलीत बसवलं. माझ्या पोटच्या लेकानं कधी असं धरून नेलं न्हाई." तिनं हात पदरात घेतला. "खड्डा दिसला, कोयता दिसला, तवा बी मला त्याचं भ्या वाटलं न्हाई, मंगल. आता वाटायलंय."

दोघी उठल्या. गाव अजून दोन मैल होतं. वाटेत कुणी भेटलं नाही.